अल्पशा आजाराने

आज मला तुमच्याशी एका फ्रेंच चित्रपटाविषयी बोलायचं आहे. त्याचं नाव ‘१२० बीट्स पर मिनिट’, म्हणजे मिनिटाला एकशेवीस ठोके. दिग्दर्शक रोबँ काम्पियो. २०१७ साली कान महोत्सवात या चित्रपटाला ‘ग्राँ प्री’ मिळालं. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा पुरस्कार मिळाले. पण मी पुरस्कार ऐकून त्याच्याकडे वळलो नाही. एड्सवरची औषधं मिळावीत म्हणून भांडणाऱ्या माणसांचा हा चित्रपट आहे असं कानावर आलं आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. ती शेवटी सांगतो. आधी चित्रपट.

काळ आहे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा आणि गाव पॅरिस. याच पॅरिसमध्ये, पाश्चर संस्थेत, १९८३ साली एड्सचा विषाणू शोधला गेला. त्या शोधाबद्दल पुढे २००८ साली फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंताग्निए यांना नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे विषाणू ज्या शहरात सापडला, त्याच शहरात दहा वर्षांनंतरही विशी-तिशीतली मुलं मरत होती. हे कसं, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी या रोगाचं थोडं गणित समजून घ्यायला हवं.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींचा एक प्रकार असतो. त्यांना सीडी-४ म्हणतात. फ्रान्समध्ये त्या काळी टी-४ म्हणत. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो, तिथे स्वतःच्या नकला काढतो आणि पहारेकऱ्यांनाच संपवतो. हा आकडा २०० च्या खाली गेला की एरवी अंगाला न लागणारे साधे जंतूही जिवावर उठतात. चित्रपटातली मुलं एकमेकांना ‘तुझे टी-४ किती?’ असं विचारतात. आपण परीक्षेचा निकाल लागल्यावर मार्क विचारतो ना, अगदी तसं.

एझेडटी हे पहिलं औषध १९८७ साली आलं. ते विषाणूची नक्कल सुरू होतानाची पायरी अडवतं. पण हा विषाणू नकला काढताना फार चुका करतो आणि त्या चुकांतूनच औषधाला न जुमानणारा नवा अवतार जन्माला येतो. त्यामुळे एकट्या औषधाचा गुण काही महिने टिके आणि मग रोगी पुन्हा खाली घसरे. तेवढ्यात बातमी येऊ लागली की प्रोटीएझ नावाचं विकर अडवणारी नवी औषधं प्रयोगशाळांत तयार होत आहेत. हे विकर काय करतं? शिंपी कापड बेतून कापतो, तसं ते नव्या विषाणूचे भाग कापून जुळणीला देतं. कातरच थांबवली तर सदरा शिवलाच जाणार नाही. विषाणू अर्धवट राहील आणि दुसऱ्या पेशीत शिरू शकणार नाही.

औषध येतंय, पण कधी? चाचण्यांचे निकाल काय? कोणाला आधी मिळणार? हे कंपन्यांना ठाऊक, रोग्यांना नाही. आणि ज्याचे टी-४ दर महिन्याला घटत आहेत त्याला ‘पुढच्या वर्षी सांगू’ हे उत्तर म्हणजे नकारच. चित्रपटाचं कथानक इथून सुरू होतं.

‘ॲक्ट अप’ ही संघटना मार्च १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली आणि १९८९ मध्ये पॅरिसमध्ये. काळ्या कपड्यावर गुलाबी त्रिकोण हे तिचं चिन्ह. नाझी छावण्यांत समलिंगी पुरुषांच्या अंगावर गुलाबी त्रिकोण लावत; तो उलटा करून या लोकांनी अभिमानाने मिरवला. आणि त्याखाली घोषणा होती, मौन म्हणजे मरण. दिग्दर्शक काम्पियो स्वतः १९९२ पासून या संघटनेत होते. त्यांच्याबरोबर पटकथा लिहिणारे फिलिप मांजो तर पॅरिसच्या ॲक्ट अपचे पुढे अध्यक्ष झाले. त्यामुळे या चित्रपटात ऐकीव काही नाही. सभागृहातल्या बाकांवर हे दोघे स्वतः बसलेले आहेत.

आपल्याकडे चळवळीवरचा चित्रपट म्हटला की नायक भाषण करतो आणि लोक टाळ्या वाजवतात. इथे टाळ्यांना बंदीच आहे. दर आठवड्याला एका व्याख्यानगृहात सभा भरते. बोलणं पटलं तर चुटकी वाजवायची, कारण टाळ्यांनी बोलणाऱ्याचा वेळ जातो. नव्याने आलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं की तुम्हाला लागण असो वा नसो, आजपासून जग तुम्हाला एचआयव्हीबाधित समजेल. ते मान्य असेल तर या. मला हा नियम फार मोठा वाटला. कोण बाधित आणि कोण नाही हा प्रश्नच त्यांनी दाराबाहेर ठेवला.

चित्रपटाच्या आरंभीच हे लोक सरकारी एड्सविरोधी संस्थेच्या कार्यक्रमात घुसतात. नकली रक्ताचा फुगा वक्त्याच्या अंगावर फुटतो, त्याला हातकड्या घातल्या जातात. लगेच पुढच्या सभेत यावर वाद. हातकड्यांचं ठरलं होतं का? आपण हिंसक दिसलो का? कोणी म्हणतं चुकलं, कोणी म्हणतं बरंच झालं. काम्पियो कोणाचीच बाजू घेत नाहीत. चळवळीतली माणसं देवदूत नसतात, ती चिडतात, एकमेकांना टाकून बोलतात आणि तरी पुढच्या आठवड्याला पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतात, हे त्यांना ठाऊक आहे.

मग ते ‘मेल्टन फार्म’ या औषध कंपनीच्या कचेरीत शिरतात. हे नाव चित्रपटापुरतं कल्पिलेलं आहे. काचेवर, भिंतींवर लाल रंग उडतो. मागणी एकच, चाचण्यांचे निकाल आत्ता द्या. पण त्याच कंपनीच्या शास्त्रज्ञांसमोर हीच मुलं टेबलाशी बसतात तेव्हा रंग नाही, आरडाओरडा नाही. विकरं, मात्रा, चाचणीत कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं, याबद्दल ती मुद्देसूद प्रश्न विचारतात. त्यांच्यातला कोणी डॉक्टर नाही. जीव वाचवायचा म्हणून ती वैद्यक शिकली आहेत. हे सिनेमापुरतं नाही. १९९२ साली फ्रान्समधल्या पाच संघटनांनी मिळून ‘टीआरटी-५’ नावाचा गट स्थापन केला. औषध संशोधनाच्या टेबलावर रोग्यांची खुर्ची असली पाहिजे, हा त्याचा आग्रह. आज नव्या औषधाच्या चाचणीआधी रोग्यांच्या प्रतिनिधींचं म्हणणं विचारलं जातं, त्यामागे या लोकांचा मोठा वाटा आहे.

यातही भांडण आहेच. तिबो हा संघटनेचा म्होरक्या, त्याचा कल वाटाघाटींकडे. शॉन हा पंचविशीतला, लहान चणीचा, जिभेचा तिखट तरुण. त्याला वाटतं, आपण टेबलाशी बसलो की गोड बोलायला लागतो आणि तेवढ्यात दोन माणसं मरतात. कोण खरं? मला वाटतं, दोघंही. शॉनने दारावर लाथ मारली नसती तर तिबोला खुर्ची मिळाली नसती. आणि तिबोने अभ्यास केला नसता तर उघडलेल्या दारातून आत जाऊन बोलायचं काय, हाच प्रश्न पडला असता.

एलेन नावाची एक आई या सभेत येते. तिच्या मुलाला, मार्कोला, हिमोफिलिया आहे. म्हणजे रक्त न गोठण्याचा जन्मजात आजार. त्यासाठी दिलेल्या रक्तघटकांतूनच त्याला एचआयव्ही झाला. फ्रान्समध्ये १९८५ साली दूषित रक्तघटक असल्याचं माहीत असूनही ते रुग्णांना दिले गेले. १९९२ मध्ये राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राच्या माजी प्रमुखाला त्याबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली. वर्तमानपत्रं अशा मुलांना ‘निष्पाप बळी’ म्हणत. मग बाकीचे काय? समलिंगी, सुईने नशा करणारे, शरीरविक्रय करणाऱ्या बायका, कैदी, परदेशातून आलेले? ते काय पापी बळी? या सभेत एलेन आणि तिचा मुलगा या सगळ्यांच्या शेजारी बसतात. औषध मागताना चारित्र्याचा दाखला कोणीही जोडायचा नाही, एवढं साधं तत्त्व त्यामागे आहे.

चित्रपटाच्या मध्यातून एक प्रेमकथाही जाते. शॉनला लागण आहे, नाथाँला नाही. सभेतून, मोर्च्यातून ते जवळ येतात. रात्री सगळे मिळून नाचतात. मिनिटाला एकशेवीस ठोक्यांचं त्या काळातलं हाउस संगीत वाजत असतं. नाचघराच्या उजेडात धूळ तरंगताना दिसते आणि बघता बघता त्या कणांच्या जागी पेशी दिसू लागतात. बाहेर नाच आणि रक्तात लढाई, दोन्ही एकाच तालात. चित्रपटाचं नाव त्या क्षणी मला कळलं.

मग शॉन खंगत जातो. त्याच्या आधी जेरेमी जातो. १८४८च्या क्रांतीविषयी वाचणारा हा कोवळा मुलगा. आपली अंत्ययात्रा हा मोर्चा असावा, असं त्याने सांगून ठेवलेलं असतं आणि सोबती ती तशीच काढतात. शॉनचं शेवटचं आजारपण दिग्दर्शक घाई न करता दाखवतात. नळ्या, पट्ट्या, रात्रीची जागरणं. नाथाँ सगळं करतो. शॉन गेल्यावर त्याची आई आणि नाथाँ त्याच्या अंगावर कपडे चढवतात. रात्रीच एकेक सोबती घरी येतो, त्याच्याजवळ जातो आणि मग बाजूच्या खोलीत बसून ते ठरवतात की उद्याच्या निवेदनात कोणते शब्द लिहायचे.

इथे चित्रपट संपत आला. पण इतिहास पुढे गेला, तो सांगायला हवा. डिसेंबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात अमेरिकेत तीन प्रोटीएझरोधक औषधांना मंजुरी मिळाली. युरोपात सुरुवातीला साठा कमी होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय एड्स परिषदेने चिठ्ठ्या टाकून औषध वाटण्याची सूचना केली. कोण जगणार ते सोडतीने ठरणार! एवढा गदारोळ उठला की सरकारला ती सूचना बाजूला ठेवावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र देण्याचे निकाल जगासमोर आले. एका औषधाला विषाणू चकवतो, पण तिघांना एकाच वेळी चकवणं त्याला जमत नाही. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामावर जाऊ लागली.

फ्रान्समध्ये सरकारी आरोग्य विमा असल्यामुळे तिथलं भांडण वेळेचं होतं, पैशाचं नव्हतं. बाकी जगात ते पैशाचं झालं. या तीन औषधांचा खर्च माणशी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर होता. त्या वेळच्या दराने साडेतीन लाख रुपयांच्या वर. आफ्रिकेतल्या किंवा आपल्याकडच्या रोग्याला औषध निघालं काय आणि न निघालं काय, सारखंच. १९९८ मध्ये ३९ औषध कंपन्या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या, कारण त्या सरकारने स्वस्त औषधांसाठी कायदा केला होता. पुन्हा रोगीच रस्त्यावर उतरले. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला.

आणि इथे ही गोष्ट आपल्या मुंबईला येऊन मिळते. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत ‘सिप्ला’ ही कंपनी सुरू केली. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवणं इथे कायदेशीर होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये ख्वाजासाहेबांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी जाहीर केलं की तिन्ही औषधं आम्ही वर्षाला ३५० डॉलरला देऊ. दिवसाला एक डॉलरहूनही कमी. जगभरच्या चळवळ्यांनी वर्षानुवर्षं जो दरवाजा ढकलला होता, त्याला मुंबईहून किल्ली मिळाली. तरी एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याच देशात सरकारी दवाखान्यातून ही औषधं मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. गोळ्या मुंबईची कंपनी बनवत होती आणि मुंबईतल्या गरिबाला त्यांची वाट पाहावी लागत होती.

किंमत आणि वेळ यांच्यापलीकडे आणखी एक अडसर असतो, लाजेचा. पॅरिसमध्ये ॲक्ट अप सुरू झाली त्याच १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्हीबाधित म्हणून ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. गुन्हा काय? काही नाही. रक्तदान केलं आणि तपासणीत लागण आढळली. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर तो गप्प बसला नाही, इतर बाधितांसाठी काम करत राहिला आणि १९९२ मध्ये वारला. ओनीर यांचा ‘माय ब्रदर निखिल’ हा २००५चा चित्रपट त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे.

आता माझी गोष्ट. १९९६ साल. मी नुकता बी.ए. होऊन आमच्या तालुक्याच्या गावी कविता लिहीत, एका स्थानिक साप्ताहिकाचं थोडं काम करत फिरत होतो. आमच्या मोहल्ल्यात माझा एक दोस्त होता. ट्रक चालवायचा. परतला की माझ्या नव्या कविता ऐकायचा आणि न समजलेल्या ओळीवर बोट ठेवायचा. माझा पहिला खरा टीकाकार तोच. दोन वर्षं तो झिजत गेला. रोगाचं नाव सगळ्यांना माहीत होतं, घेत कोणी नव्हतं.

तो गेला त्या सकाळी मय्यतीला गुस्ल द्यायचा होता. आमच्याकडे मृताला आंघोळ घालणं हे पुण्याचं काम समजतात, एरवी पुढे होणाऱ्यांची कमी नसते. त्या दिवशी अंगणात चाळीस माणसं उभी होती आणि आत दोघंच, त्याचा थोरला भाऊ आणि मोहल्ल्यातले एक म्हातारे चाचा. चाचांनी आतून हाक दिली, ‘बेटा, पानी अंदर ला दे.’ मी कोमट पाण्याची बादली उचलली, उंबऱ्यापर्यंत नेली आणि उंबऱ्यावर ठेवून मागे फिरलो. चाचा काही बोलले नाहीत. बादली त्यांनीच ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी साप्ताहिकासाठी निधनवार्ता मीच लिहिली. ‘अल्पशा आजाराने निधन झाले.’ दोन वर्षांचा आजार, आणि मी लिहिलं अल्पशा. ते लिहिताना मला वाटलं होतं की आपण त्याच्या घरच्यांची अब्रू राखतोय. पॅरिसमध्ये त्याच साली, त्याच महिन्यांत, तो मेला नसता असं औषध लोकांच्या हाती पडत होतं. आमच्या गावात त्याचं नावही पोचलं नव्हतं. पोचणार कसं? ज्या रोगाचं नाव घ्यायचं नाही, त्याचं औषध कोण मागणार?

म्हणून शॉनच्या घरातलं ते दृश्य पाहताना मला बसवेना. तिथे मित्र त्याच्याजवळ जातात आणि निवेदनातले शब्द जपून निवडतात. मी उंबऱ्यावरून परतलो होतो आणि शब्दही चुकीचा लिहिला होता. स्पर्शाने हा रोग होत नाही, एकत्र जेवल्याने होत नाही. बाधित माणसाच्या मय्यतीला आंघोळ घालताना हातमोजे आणि साधी काळजी पुरते. हे तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. पण मी विचारलंही नव्हतं. त्या मुलांनी विचारलं, वाचलं, शिकून घेतलं. आमच्यातला फरक तेवढाच.

आज जगात सुमारे ४ कोटी लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांतले ३ कोटींहून अधिक औषध घेत आहेत. रोज नियमाने गोळी घेणारा आणि रक्तात विषाणू सापडेनासा झालेला माणूस लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण देत नाही, हे आता सिद्ध झालं आहे. आपल्या देशात २०१७ साली झालेला कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधितांशी भेदभाव करायला त्याने मनाई केली. पण भांडण संपलं असं समजू नका. जून २०२५ मध्ये अमेरिकेत लागण टाळण्यासाठी वर्षातून दोनदाच घ्यायच्या लेनाकापाविर या इंजेक्शनाला मंजुरी मिळाली. तिथली किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर झालं की भारतीय कंपन्या २०२७ पासून गरीब देशांसाठी ते सुमारे ४० डॉलरला देतील. सूत्र तेच, किंमतही तशीच कोसळणारी. आणि ती आपोआप कोसळत नाही.

माझ्या दोस्ताचे भाऊ अजून त्याच मोहल्ल्यात राहतात. चित्रपट पाहिल्यावर काही दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, ‘भाईजान, तेव्हा बातमी मी चुकीची लिहिली होती.’ ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘आता रेडिओवर बोलतोस ना? मग तिथे नीट सांग.’

म्हणून सांगितलं. माझा दोस्त अल्पशा आजाराने गेला नाही. तो एड्सने गेला. औषध त्याच्यापर्यंत पोचलं नाही म्हणून गेला.